नागलोक, पाताळकोट आणि आपण

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील जुन्या मराठी घरांत नागपंचमीला जे निर्बंध पाळले जात, ते वाचकांनी आठवून पाहावेत. शेतात नांगर धरावयाचा नाही, माती खणावयाची नाही, चुलीवर तवा ठेवावयाचा नाही, विळीवर भाजी चिरावयाची नाही. हे सारे कोणासाठी? जमिनीखाली राहणाऱ्या एका कल्पित समाजासाठी! चातुर्मासाच्या कहाण्यांत या समाजाचा संसार तपशिलाने आला आहे. माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला शेष माणसाच्या रूपाने येऊन पाताळात घेऊन जातो. तेथे नागीण बाळंत होत असता ही मुलगी दिवा धरते, भिऊन तो हातातून पडतो आणि पिल्लांची शेपटे भाजतात. मोठी झाल्यावर ती पिल्ले सूड घ्यावयास येतात. पण आपलीच चित्रे काढून त्यांची पूजा चालली आहे, असे पाहून राग विसरतात. माहेरपण, बाळंतपण, सूड, क्षमा, सगळे वरच्यासारखेच. पुराणांनी सात पाताळे सांगितली व त्यांतील सुतलात बळीराजाला बसविले. त्याचे राज्य पुन्हा यावे, असे आपण दरसाल बलिप्रतिपदेला म्हणतो. पाताळ म्हणजे नरक, असे मराठी माणसाने कधी मानले नाही.

या नागलोकाचे दार पचमढीच्या डोंगरात आहे, अशी श्रद्धा आहे. नागपंचमीच्या सुमारास वर्षातून एकदाच भरणाऱ्या नागद्वारीच्या यात्रेला विदर्भातून आणि आपल्याकडून हजारो माणसे दऱ्याखोरी तुडवीत जातात.

त्याच सातपुड्यात, तामियाजवळ, पाताळकोट आहे. सुमारे ७९ चौरस किलोमीटरची ही दरी, वरच्या कड्यापासून बाराशे ते पंधराशे फूट खोल. दुधी नदी येथूनच वाहते. दरीत बारा गावे असून वस्ती मुख्यतः भारियांची, काही गोंडांची. मेघनाद शिवाची आराधना करून येथूनच पाताळात उतरला, अशी कथा सांगतात. नोकरीच्या काळात मी पाहिले की, कचेरीतले लोकही या भागाविषयी बोलताना गावाचे नाव घेत नसत. 'खाली जायचे आहे' एवढेच म्हणत. तेथे ऊन पोहोचते का, माणसे मीठ खातात का, असे प्रश्न शिकलेली माणसेही विचारीत.

ऊन पोहोचते. कड्यांमुळे ते उशिरा येते आणि लवकर सरते, इतकेच. घरे बांबूच्या कुडाची, मातीने लिंपलेली. उतारावरच्या शेतांत कोदो, कुटकी, मका. रानातून मोह आणि चारोळी. टंचाईच्या दिवसांत आंब्याच्या कोयीतला गर दळून त्याचे पीठ खात. औषधी वनस्पतींचे ज्ञान भूमकाकडे असते, आणि देवाचे कार्यही तोच पाहतो. लग्नात पुरुषांचा भडम नाच आणि स्त्रियांचा सैताम. रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात या जमातीवर 'भारिया-भूमिया' असे प्रकरण आहे. भूमिया म्हणजे भूमीचा धनी. मला हे नाव अधिक सार्थ वाटते. रातेड, चिमटीपूर, गैलडुब्बा, कारेआम ही त्यांची गावे. त्यांच्या एकाही गावाच्या नावात 'पाताळ' नाही. तो शब्द कड्यावर उभे राहून खाली पाहणाऱ्यांचा आहे.

नागांच्या कल्पित समाजासाठी आपण एक दिवस नांगर थांबवितो. शेजारच्या खऱ्या समाजाची मात्र चौकशीही केली नाही, हे मला खटकते. भोसल्यांबरोबर वा त्यांच्यामागून आलेल्या आपल्या घराण्यांना तर ही चौकशी करण्याचे खास कारण होते. सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या हाती लागले. त्यांना अलाहाबादकडे नेत असता मे १८१८ मध्ये ते निसटले आणि महादेवाच्या डोंगरांत आले. तेथे त्यांना आधार दिला तो हर्रईच्या चैनशाह या गोंड जमीनदाराने व रानातल्या माणसांनी. १८१९ च्या आरंभी ते अशीरगडाकडे गेले; पुढे भटकत १८४० मध्ये जोधपूरला वारले. पाताळकोटात 'राजाखोह' नावाची गुहा आहे. नागपूरचा राजा तेथे लपला होता, असे स्थानिक लोक सांगतात. याला कागदाचा आधार नाही. पण नागपूरच्या राजाची आठवण आपल्या घरांतून पुसली जात असता ती त्या दरीत टिकावी, ही गोष्ट लहान नव्हे.

आता काही गावांपर्यंत रस्ता गेला आहे. पर्यटकही येतात, आणि त्यांच्याबरोबर जमिनीचे गिऱ्हाईकही. बैगा व सहारियांप्रमाणे भारियांची गणना मध्यप्रदेशातील विशेष दुर्बल जनजातींत होते. २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली पाताळकोटच्या भारियांचा अधिवासाचा हक्क शासनाने मान्य केला आहे. म्हणजे तेथील रान, पाणी, देवस्थाने आणि वाटा या साऱ्यांविषयी त्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागेल. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला आणि पाताळकोट छिंदवाड्यातच राहिला. आपल्याकडून तामियाला जाणारी वाट मात्र तीच आहे.