योगा मॅट, सतरंजी आणि महागावचा कापूस

पर्यावरणाला त्रास न देणारी योगा मॅट कुठली घ्यावी, असं हल्ली बरेच जण विचारतात. पण मंडळी, मुळात ही मॅट आली कधी?

गीतेच्या सहाव्या अध्यायातलं आसन म्हणजे दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र. (मृगाजिन आज आणलंत तर वनखातं दारात उभं राहील!) स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं तेव्हा मॅट नव्हतीच. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६ च्या 'लाइट ऑन योगा'तही सपाट जमिनीवर घडी केलेलं ब्लँकेट एवढंच सांगितलंय. त्यांच्याच शिष्या अँजेला फार्मर. एका शस्त्रक्रियेमुळे त्यांच्या हातापायांना घाम यायचा नाही, त्यामुळे पकड सुटायची. जर्मनीत शिकवताना त्यांना गालिच्याखाली घालायचं फोमचं अस्तर सापडलं आणि घसरणं थांबलं. एका बाईंच्या अडचणीवरचा जुगाड सगळ्या जगाचा डीफॉल्ट झाला. आमच्या धंद्यात हे रोजचंच!

आज स्वस्त मॅट बहुतेक पीव्हीसीची असते. कुजत नाही, आणि जाळली तर हायड्रोजन क्लोराइड, डायऑक्सिन असला विषारी धूर.

मग सुती सतरंजी घ्या की, सोप्पं! इथे मला महागाव आठवतं. यवतमाळ जिल्ह्यातला, नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचा कापसाचा तालुका. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. पुढे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत मँचेस्टरला कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. पीक इथलं, नफा भलत्याचाच. आणि २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर गेले. दुकानात 'शंभर टक्के नैसर्गिक कापूस' असं लेबल दिसलं की मला पाठीवरचा तो फवारणीचा पंप दिसतो. २०१५ पासून आपण २१ जूनला योग दिन करतो ना, त्याच सुमारास तिकडे, पाऊस वेळेवर आला तर, कपाशीची लावण चालू असते.

असो. माझं मत विचाराल तर नवीन काही घेऊच नका. आहे ती मॅट पार फाटेपर्यंत वापरा. मग माळ्यावरची जुनी सतरंजी किंवा घोंगडी काढा. घ्यायचीच झाली तर सेंद्रिय कापसाचं प्रमाणपत्र बघा, पैसे जास्त पडतील. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते, हे खरंय. म्हणून उभी आसनं सरळ फरशीवर अनवाणी करायची आणि शवासनापुरती ती अंथरायची.