हवेतल्या नावाची कुळकथा

आपल्या सीमाभागातल्या माणसाला नावाचे मोल शिकवावे लागत नाही. गाव एकच, पण पाटीवर ते एका लिपीत एक असते आणि दुसऱ्या लिपीत दुसरेच होऊन बसते. शाळेच्या दाखल्यावरचे आडनाव आणि जमिनीच्या कागदावरचे आडनाव जुळवता जुळवता बापाचे जोडे झिजतात आणि पुढे मुलाचेही. नाव कोणी दिले, कोणत्या कचेरीत नोंदले आणि ते कोणाला वाचता येते, या तीन प्रश्नांत आपल्याकडचे निम्मे राजकारण सामावलेले आहे. म्हणूनच ज्यात जिल्हा नाही, जात नाही, मातृभाषा नाही, अशा एका नावाची कुळकथा या दिवाळीला वाचकांपुढे ठेवावीशी वाटली. हे नाव कागदावर कमी आणि हवेत जास्त वावरते. त्याला ‘कॉल साइन’ म्हणतात. आपण ‘हाकेचे नाव’ म्हणू.

हौशी रेडिओ चालवणारास जगभर ‘हॅम’ म्हणतात. आपल्या घरातला रेडिओ फक्त ऐकतो. हॅमचा संच ऐकतो आणि बोलतोही. पोटासाठी नव्हे, प्रसिद्धीसाठी नव्हे, केवळ शिकण्याच्या आणि ओळखी जोडण्याच्या हौसेने तो दूरच्या अनोळखी माणसाशी बोलतो. आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल की, नुसता ऐकण्याचा रेडिओ घरात ठेवायचा तरी पोस्टात जाऊन दरवर्षी लायसन्सचे पैसे भरावे लागत. ते लायसन्स १९८० च्या दशकात रद्द झाले. बोलणाऱ्या रेडिओचे मात्र तसे झाले नाही. त्याला परवाना लागतो, परवान्यासाठी परीक्षा लागते आणि परवान्याबरोबर हे नाव मिळते.

आपल्या देशात हे नाव ‘व्ही यू’ या दोन अक्षरांनी सुरू होते. ही अक्षरे कोठून आली? १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना परवाना मिळाला, तेव्हा त्यांचे नाव नुसते ‘२ जे के’ असे होते. मुकुल बोस यांचे ‘२ एच क्यू’. देशाचे अक्षर त्यात नव्हतेच. पण लहरींना सीमा नसतात. निरनिराळ्या देशांतली सारखी नावे एकमेकांवर आदळू लागली, तेव्हा १९२७ साली वॉशिंग्टनला राष्ट्रांची परिषद भरली. तिने प्रत्येक देशाला आरंभीची अक्षरे वाटून दिली आणि १९२९ च्या आरंभापासून ती अमलात आली. ब्रिटिश साम्राज्याच्या अनेक मुलखांच्या वाट्याला ‘व्ही’ आले. कॅनडाचे व्ही ई, ऑस्ट्रेलियाचे व्ही के, हिंदुस्थानचे व्ही यू. आपल्या विमानांच्या शेपटीजवळ आजही ‘व्ही टी’ लिहिलेले दिसते, तेही याच वाटपातले. राज्य गेले, अक्षरे राहिली.

फाळणीनंतर पाकिस्तानने नवी अक्षरे घेतली. त्यांची हॅम मंडळी ‘ए पी’ ने सुरू होतात. भारताला पुढे ‘ए टी’ ते ‘ए डब्ल्यू’ हाही पट्टा मिळाला. पाकिस्तानचा पट्टा ‘ए एस’ ला संपतो आणि लगेच ‘ए टी’ ला आपला सुरू होतो. घर वेगळे झाले तरी वर्णमालेत भिंतीला भिंत लागूनच राहिली. गोव्याची गोष्ट तर आपल्या अंगणातली. पोर्तुगीज अमलात गोवा, दमण, दीव येथून बोलणारे नाव ‘सी आर ८’ ने सुरू होई. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि जगातल्या हॅमांच्या यादीतून ‘सी आर ८ गोवा’ ही नोंद बाद झाली. वेंगुर्ल्याचे आणि पेडण्याचे हवेतले नाव त्या दिवसापासून एकाच अक्षरांनी सुरू होऊ लागले.

आता हैदराबादकडे वळू. कारण बिदर, उस्मानाबाद, नांदेड, आदिलाबाद या साऱ्या मुलखाची ती एके काळची राजधानी. मुसी नदीच्या दक्षिण तीरावर मलकपेठ आहे. अब्दुल्ला कुतुबशहाच्या पदरी असलेल्या मलिक याकूब याच्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. तेथून थोडे पुढे गेले की मुसारामबाग. निजामाच्या सेवेत असलेला फ्रेंच सरदार रेमंड १७९८ साली वारला, त्याची समाधी तेथल्या टेकडीवर आहे. मुसलमान त्याला ‘मूसा रहीम’ म्हणत आणि हिंदू ‘मूसा राम’ म्हणत. माणूस एक, नावे दोन, आणि दोन्ही प्रेमाने दिलेली! त्याच परिसरात पुढे दूरदर्शनचा मनोरा उभा राहिला. त्याहीपुढे सरूरनगर, जेथे १९३९ साली निजामाच्या ‘दक्कन रेडिओ’चे ५ किलोवॅटचे प्रक्षेपण केंद्र सुरू झाले. चार-पाच मैलांच्या टापूत नावांचा आणि लहरींचा असा इतिहास एकत्र नांदतो आहे.

या दक्कन रेडिओचे मूळ सरकारी नव्हते. १९३३ च्या सुमारास महबूब अली नावाच्या, टपाल-तार खात्यात काम करणाऱ्या गृहस्थाने हैदराबादच्या चिराग अली गल्लीत अवघ्या २०० वॅटचे खासगी केंद्र चालू केले. १९३५ च्या फेब्रुवारीत निजाम सरकारने ते ताब्यात घेतले. हौसेचे रोपटे दरबारात नेऊन लावले गेले. पुढे तेथून उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कानडीही ऐकू येऊ लागली. औरंगाबादलाही निजाम सरकारचे केंद्र निघाले. १ एप्रिल १९५० रोजी ही दोन्ही केंद्रे भारत सरकारकडे आली आणि १९५६ साली राज्याचेच तीन भाषांत तीन तुकडे झाले. एका माणसाच्या हौसेपासून चार भाषांच्या केंद्रापर्यंतचा हा प्रवास आपल्या मराठी पाठ्यपुस्तकात नाही, कानडीत नाही आणि तेलुगूतही नाही. कारण ज्याचा वारसा चौघांचा, त्याची आठवण कोणाचीच जबाबदारी राहत नाही.

नाव देणारा सरकार असेल, तर नाव काढून घेणाराही तोच असतो, ही या कथेची दुसरी बाजू. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने हौशी मंडळींचे परवाने थांबवले आणि बोलणारे संच पोलिसांकडे जमा करण्याचा हुकूम काढला. ज्यांची नावे आणि पत्ते सरकारदरबारी होते, त्यांच्याकडे पोलीस सरळ पोहोचले. मुंबईचे नरिमन प्रिंटर हे असेच एक परवानाधारक हौशी. त्यांचे नाव ‘व्ही यू २ एफ यू’. त्यांनी संचाचे भाग मागे ठेवून १९४० साली ‘आझाद हिंद’ या नावाने गुप्त प्रक्षेपण केले. १९४२ च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत काँग्रेस रेडिओ उभारला, त्याचे यंत्र बांधण्यातही प्रिंटर यांचा हात होता. ४२.३४ मीटरवर बोलणारा हा रेडिओ ‘हिंदुस्थानात कोठून तरी’ बोलतो आहोत एवढेच सांगे. नाव हेच संकट होते, म्हणून त्याने ठिकाणाचे नाव टाकून दिले. पुढे प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले, त्यांनीच ठिकाण दाखवले आणि १२ नोव्हेंबर १९४२ रोजी केंद्र पकडले गेले. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

हे दोन्ही लक्षात ठेवायला हवे. उघड नाव ही प्रामाणिक माणसाची खूण आहे, हे खरे; पण ते नाव ज्या यादीत आहे ती यादी कोणाच्या हाती आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. परक्या राज्यात ती यादी पाळत ठेवण्याच्या कामी आली. स्वराज्यात ती कोणत्या कामी यावी, याचे उत्तर पुढच्या काळाने दिले.

१९४८ च्या मे महिन्यात महू येथे देशातल्या हॅम मंडळींची संस्था स्थापन झाली. १९८३ साली हैदराबादेत राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्था निघाली आणि निजामाच्या या शहराचे नाव पुन्हा हौशी लहरींशी जोडले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची धरणी हलली. विसर्जन आटोपून गाव नुकते निजले होते. लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अशा वेळी देशाच्या निरनिराळ्या भागांतून हॅम आपापले संच घेऊन तेथे आले आणि मदतकार्याचे निरोप पोहोचवू लागले. त्यांच्या निरोपाला तार-खांब लागत नव्हते. बॅटरी, तारेचा तुकडा आणि एक नाव एवढ्यावर काम चालत होते.

पुढे २००४ च्या डिसेंबरात हैदराबादच्या याच संस्थेच्या वतीने भारती प्रसाद अंदमानला गेल्या होत्या. अंदमानसाठी ‘व्ही यू ४’ हा वेगळा आरंभ आहे. तेथून बोलण्याची परवानगी फार पाठपुराव्यानंतर मिळाली होती. त्यांचे तेथले नाव ‘व्ही यू ४ आर बी आय’. जगभरच्या हौशी लोकांशी गप्पा चालू असताना २६ डिसेंबरला समुद्र उसळला. त्यांनी हौस बाजूला ठेवली आणि पोर्ट ब्लेअरहून बाहेरच्या जगाला बातमी व माणसांची खुशाली कळवण्याचे काम हाती घेतले. ज्या यादीने १९३९ साली संच काढून घेतले, तसल्याच यादीतले नाव त्या दिवशी हजारो घरांचा आधार झाले.

आता हे नाव मिळते कसे, ते सांगतो. हे काम दिल्लीच्या दळणवळण मंत्रालयातल्या बिनतारी नियोजन विभागाचे; हा विभाग १९५२ साली निघाला. परवान्याचे मूळ १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी कायदा यांत होते. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने त्यांची जागा घ्यायला सुरुवात केली आहे. हॅमांसाठी सविस्तर नियम १९७८ साली झाले. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही परीक्षेला बसता येते. विजेची व रेडिओची प्राथमिक तत्त्वे आणि देशोदेशीचे नियम, असा अभ्यास असतो. वरच्या श्रेणीसाठी मोर्सची कडकट्टही यावी लागते. खालच्या श्रेणीला ती लागत नाही. नावातला अंक सामान्यतः श्रेणी सांगतो : वरच्या श्रेणीला ‘व्ही यू २’, खालच्या श्रेणीला ‘व्ही यू ३’. त्यापुढची दोन किंवा तीन अक्षरे ही त्या माणसाची. दोन अक्षरांची ६७६ नावे होतात, तीन अक्षरांची १७,५७६. पसंतीची अक्षरे मागता येतात. राजीव गांधींचे नाव ‘व्ही यू २ आर जी’ होते, त्यातली शेवटची दोन अक्षरे कोणाचीही ओळख पटवतील. आवाज नीट पोहोचत नसला की आपण फोनवर ‘क कमळातला’ म्हणतो, तसे हॅम ‘व्हिक्टर, युनिफॉर्म’ असे म्हणून अक्षरे सांगतात.

आणि बंधने? बोलण्याच्या आरंभी, शेवटी आणि मध्ये ठराविक वेळाने आपले नाव सांगितलेच पाहिजे. गुप्त भाषा चालत नाही. धंद्याचे बोलणे नाही, गाणी लावणे नाही. कोणाशी, केव्हा, कोणत्या लहरीवर बोललो याची वही ठेवायची. अनोळखी माणसाशी बोलण्याआधी ‘मी अमुक’ म्हणायचे आणि बोललेल्याची नोंद ठेवायची. घराघरांतून मोबाइलवर निनावी निरोपांचा पाऊस पडतो आहे, अशा काळात हा नियम मला जुना वाटत नाही.

काही देशांत नावातल्या अंकावरून माणूस कोणत्या प्रांतातला ते कळते. अमेरिकेत ती पद्धत रुजली. आपल्याकडे अंदमान आणि लक्षद्वीप ही बेटे सोडली, तर बेळगावचा आणि बिदरचा, सोलापूरचा आणि मलकपेठेचा हॅम एकाच अक्षरांनी हाक देतो. प्रांतवार अंक दिले असते, तर आपल्याकडे त्याचाही वाद सुरू झाला असता! हा मराठी की कानडी, हे नावावरून कळत नाही. तो बोलू लागल्यावर कळते, आणि तोवर ओळख झालेली असते. घरी एक भाषा, अंगणात दुसरी, बाजारात तिसरी अशी आपल्या मुलांची जन्मजात तयारी आहे. नुसते ऐकून समोरच्याची भाषा ओळखणारे हे कान हॅमला फार उपयोगाचे आहेत.

म्हणून आपल्या भागातल्या शिक्षकबंधूंना आणि पालकांना माझे एकच सांगणे आहे. प्रत्येक हायस्कुलात विज्ञानाची खोली असते. तेथे आठवड्यातून एक तास या परीक्षेच्या अभ्यासाला द्यावा. सातवीतल्या मुलामुलींना वयाची अडचण नाही. परीक्षा सोपी नाही, पण दहावीच्या पदार्थविज्ञानाहून फार अवघडही नाही. हे काम पालकांनी बोर्डाच्या परिपत्रकाची वाट न पाहता करावे. किल्लारीच्या मुलखात आणि त्याच्या शेजारच्या चार जिल्ह्यांत प्रत्येक तालुक्याला असे एक तरी नाव असणे, ही चैन नव्हे. पुढची आपत्ती कोणत्या भाषेच्या गावावर येईल हे कोणी सांगावे? त्या रात्री हाक देणारा माणूस कोणत्या प्रांताचा आहे हे कोणी विचारणार नाही; तो आहे की नाही, एवढेच विचारतील.