विदुषीच्या बोटांतील झांजा

कैरो शहराच्या जुन्या भागात ज्येष्ठमधाचे गार सरबत विकणारा फेरीवाला अद्यापि आढळतो. पोटाशी बांधलेले भले मोठे पात्र किंचित पुढे झुकवून तो पेल्यात सरबताची धार सोडतो, आणि आपण आल्याची वर्दी देण्यासाठी हातातील पितळेच्या दोन तबकड्या अशा ठेक्यात वाजवीत जातो, की गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाच्या तहानलेल्या माणसालाही कोण आले आहे हे न पाहता कळावे. ह्या तबकड्यांना तिकडच्या बोलीत ‘सागात’ म्हणतात. ह्याच सागात, आकाराने लहान होऊन, प्रत्येक हाताच्या अंगठ्यात एक व मधल्या बोटात एक अशा एकूण चार, इजिप्तच्या नर्तकी पिढ्यान्‌पिढ्या वाजवीत आल्या; आणि ज्या नृत्याला आज सारे जग ‘बेली डान्स’ म्हणून ओळखते, त्याचा इतिहास सांगणाऱ्या बहुतेकांची दृष्टी नर्तकीच्या कमरेवर खिळून राहिल्यामुळे तिच्या बोटांकडे कान द्यावयाचे राहून गेले, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

पोटाचा नाच हे नावच मुळी नाचणाऱ्यांनी दिलेले नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच प्रवाशांनी आणि चित्रकारांनी जी वर्णने मायदेशी नेली, त्यांतून ‘दांस द्यू व्हांत्र’ हा शब्दप्रयोग पॅरिसमध्ये रुळला, आणि १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ‘कैरोचा रस्ता’ म्हणून जी नकली वस्ती उभी केली होती, तिच्यातील नर्तकींच्या गाजावाजामुळे त्याचे इंग्रजी रूप सर्वतोमुखी झाले. खुद्द इजिप्तमध्ये ‘रक्स बलदी’, म्हणजे देशी नाच, आणि ‘रक्स शर्की’, म्हणजे पूर्वेकडचा नाच, अशी नावे चालतात. त्यांत शरीराच्या कोणत्याही अवयवाचा उल्लेख नाही. त्याहून महत्त्वाचे नाव नर्तकीचे आणि गायिकेचे आहे. प्रतिष्ठित घरांतील लग्नकार्यात गाणाऱ्या स्त्रीला कैरोत ‘आल्मा’ म्हणत, आणि अशा स्त्रियांच्या समुदायाला ‘अवालिम’. आल्मा म्हणजे विदुषी, शिकलेली बाई. आपल्या आखाड्याला आणि नाटकाच्या पूर्वाभ्यासाला आपण ज्या अरबी शब्दाने ‘तालीम’ म्हणतो, त्याच्याच धातूपासून हा शब्द झालेला आहे. ज्या कलावंतिणीला लोक विद्येवरून हाक मारीत होते, तिची ओळख पुढे परक्यांच्या भाषेत पोटावर येऊन ठेपली, ही ह्या इतिहासातील मला सर्वांत सलणारी गोष्ट होय.

१८३३ ते १८३५ ह्या काळात कैरोत राहिलेला इंग्रज पंडित एडवर्ड लेन ह्याने अवालिम आणि ‘गवाझी’ हे दोन वर्ग काळजीपूर्वक निराळे केले आहेत. अवालिम जनानखान्यात, जाळीच्या आडून गात, आणि खालच्या चौकात बसलेल्या यजमानांना त्यांचा केवळ आवाज ऐकू येई. गवाझी मात्र तोंडावर बुरखा न घेता, घराच्या अंगणात किंवा भर रस्त्यावर, आपल्याच जमातीच्या वादकांच्या साथीवर नाचत. त्या नाचाचे त्याने केलेले वर्णन संकोचाने भरलेले असले तरी बोटांतील पितळी झांजांची नोंद करावयास तो विसरलेला नाही. ह्या गवाझी कर भरीत; तो वसूल करण्याचा इजारा दिलेला असे, आणि म्हणून सरकारी दफ्तरात त्यांची गणना इतर कसबी लोकांप्रमाणेच होत होती. असे असता जून १८३४ मध्ये इजिप्तचा सत्ताधीश मुहंमद अली पाशाने सार्वजनिक नर्तकींवर आणि वेश्यांवर एकाच हुकुमाने बंदी घातली. पहिल्या अपराधास पन्नास फटके, आणि पुन्हा सापडल्यास एक वर्ष किंवा अधिक सक्तमजुरी, अशी शिक्षा लेनने नमूद केली आहे. उलेमांची नाराजी, नव्याने उभारलेल्या फौजेच्या शिस्तीची आणि आरोग्याची चिंता, आणि परदेशी पाहुण्यांपुढे राजधानीची अब्रू, अशी कारणे इतिहासकार देतात. पण एका फर्मानाने दोन निराळे व्यवसाय एका दाव्याला बांधले गेले, ही गाठ पुढे कधीच पुरती सुटली नाही. गवाझींची रवानगी दक्षिणेस, एस्ना, केना आणि अस्वान ह्या नाईलकाठच्या गावी झाली. १८५० साली फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर जिला भेटला, ती कुचुक हानेम एस्नालाच राहत होती; तिच्या अंगप्रत्यंगांची वर्णने युरोपच्या साहित्यात अजरामर झाली, परंतु ती आपल्या तोंडाने काय म्हणाली हे त्यांत जवळजवळ कोठेच नाही, ह्याकडे समीक्षक एडवर्ड सैद ह्यांनी १९७८ साली लक्ष वेधले.

ती नर्तकी जे बोलत होती ते बोटांनी बोलत होती, असे म्हटले तर ते अलंकारिक समजू नये. सागात वाजवण्याची विद्या दिसते तितकी सोपी नाही. तबकडीच्या मध्यावरील छिद्रातून ओवलेला फास बोटाच्या पेऱ्याला इतका घट्ट बसवावा लागतो की हात झटकला तरी ती डळमळू नये. दोन कडा एकमेकींना स्पर्शून तत्काळ दूर झाल्या की लांब घुमणारा खुला नाद निघतो. त्या मिटलेल्याच ठेवल्या की आखूड, बसका ठोका येतो. नवख्याला प्रथम उजवा-डावा-उजवा अशा तीन ठोक्यांचा, घोड्याच्या दुडक्या चालीसारखा बोल बसवावा लागतो. मग ‘मक्सूम’ हा ताल येतो, ज्याचे बोल तबल्यासारख्या दरबुक्यावर ‘दुम तक, तक दुम तक’ असे पडतात. मग ‘सईदी’, ज्यात मधले दोन ‘दुम’ जोडीने येऊन जमीन हादरवतात. शिकणाऱ्याची खरी परीक्षा येथून पुढे असते: पायाने एक गती धरावयाची, कमरेने तिच्या दुपटीने चालावयाचे, आणि बोटांनी ह्या दोहोंना छेद देणारा ठोका वाजवावयाचा, तोही नजर आणि हास्य ढळू न देता. प्रारंभी कंबर थांबते तेव्हा बोटे चालतात, आणि बोटे चालतात तेव्हा पाय चुकतात. आषाढीच्या वाटेवर टाळ वाजवीत, अभंग म्हणत पावली खेळणारा वारकरी ज्याने पाहिला आहे, त्याला ही अवघड एकतानता समजावून सांगावी लागणार नाही. भेद इतकाच की टाळाच्या एका जोडीला दोन्ही हात लागतात, आणि येथे एकेका हातात पूर्ण जोड असल्यामुळे उजवा हात प्रश्न विचारतो आणि डावा त्याला उत्तर देतो.

हे वाद्य किती जुने, हा प्रश्न स्वाभाविक आहे. फेरोंच्या काळातील थडग्यांत हस्तिदंताच्या टाळपट्ट्यांच्या जोड्या सापडतात, आणि त्यांतील कित्येकांना मनुष्याच्या हाताचा, बोटे-नखांसकट, आकार दिलेला आहे. टाळी वाजवणाऱ्या हाताचीच ती हुबेहूब प्रतिकृती होय. पुढे धातू आला. तुर्कांच्या मुलुखात ह्या झांजांना ‘झिल’ म्हणतात, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये अवेदिस नावाच्या आर्मेनियन कारागिराने तांबे व कथील ह्यांचे असे काही मिश्रण साधले, की त्याच्या मोठ्या झांजा सुलतानाच्या लष्करी वाद्यवृंदात मान पावल्या आणि त्याचे घराणे झिल्जियान, म्हणजे झांजा घडवणाऱ्याचे कुळ, म्हणून प्रसिद्ध झाले. त्या नावातील ‘जि’ आणि आपल्या ‘तोपची’मधील ‘ची’ हा एकच तुर्की प्रत्यय आहे.

नर्तकींवरील ती १८३४ सालची बंदी कालांतराने सैल झाली. मुहंमद अलीचा नातू खेदिव इस्माईल ह्याने १८७० नंतरच्या दशकात कैरोत आजोबाच्या नावाने जो लांब-रुंद रस्ता काढला, त्याच मुहंमद अली रस्त्यावर पुढे अवालिमांची बिऱ्हाडे आणि वाद्यकारांची दुकाने दाटीने वसली. लग्न ठरले की लोक तेथे जाऊन कलावंतिणींचा ताफा सांगत. १९२६ साली बदिया मसाबनी ह्या सीरियाकडून आलेल्या कर्तबगार बाईने कैरोत स्वतःची रंगशाला उघडली. ती स्वतः सागात वाजवण्यात नामांकित होती. तिच्या रंगमंचावरून तहिया कारिओका आणि सामिया गमाल ह्या दोघी पुढे आल्या आणि चित्रपटांमुळे साऱ्या अरब जगाच्या लाडक्या झाल्या. वर उल्लेखिलेल्या सैद ह्यांनीही शाळकरी वयात तहियाचे नृत्य पाहिले होते आणि तिच्यावर अत्यंत आदराने लिहिले.

परंतु ह्याच रंगमंचाने एक गोष्ट हिरावून घेतली. अंगणात दोन-तीन वादक असत तेव्हा नर्तकीच्या झांजा ही साथीची गरज होती. उंच मंचावर व्हायोलिनांच्या रांगा, ॲकॉर्डियन आणि तालवाद्यांचा ताफा आला, ध्वनिवर्धक आला, तसतसे सागात वाजवण्याचे काम वाद्यवृंदातील एका पगारी वादकाकडे सरकत गेले, आणि मोकळ्या झालेल्या हातांना केवळ डौल उरला. नृत्य त्यामुळे उणे झाले असे मी म्हणत नाही. सामियाच्या हातांची लकेर पाहून तसे कोण म्हणेल? पण जी स्त्री वादकांच्या बरोबरीने ठेका राखीत होती, आणि प्रसंगी त्यांची लय सावरीत होती, ती आता त्यांच्या ठेक्यावर नाचू लागली, हा फरक लहान नव्हे.

लक्सर येथे मात्र यूसुफ माझिन ह्याच्या मुलींनी, ज्यांना ‘बनात माझिन’ म्हणतात, गवाझींचा घराणेवार नाच विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू ठेवला. त्यांचा मंच म्हणजे लग्नघरापुढील मोकळी जागा. साथीला रबाब, मिझमार आणि ढोल. पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत त्यांच्या बोटांतील झांजा क्षणभरही थांबत नसत, आणि वादकांनी लय वाढवायची की नाही, हे त्या झांजांवरून ठरे.