शेवाळी अकीक : दोषाचे झालेले मोल

श्रीवर्धनची रोठा सुपारी अडकित्त्याने कापली की आत शिरांची नक्षी दिसते. अशीच नक्षी पोटात वागविणारा एक खडा आहे. त्याला आपण शेवाळी अकीक म्हणू.

आपल्या रत्नशास्त्राने हिऱ्यातील बिंदू, रेषा, काकपद यांना दोष ठरविले. रत्न निर्मळ हवे, हा दंडक. शेवाळी अकिकाचा न्याय मात्र उलटा आहे. त्यातील मिसळ वजा केली, तर उरतो तो गारगोटीचा एक भाऊबंद. मोल आहे ते मिसळीलाच!

ही मिसळ येते कोठून? सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले. दख्खनचा आणि आपल्या किनाऱ्याचा काळा पाषाण त्यातूनच झाला. थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिकायुक्त पाणी झिरपून त्यांत अकीक साकळला. काही खड्यांत लोह, मँगनीज यांची संयुगे शिरून हिरव्या-काळ्या फांद्यांसारखी पसरली. शेवाळ त्यात औषधालाही नसते. परंतु डोळा फसतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन पंडित प्लिनी यानेही 'वृक्ष-अकीक' अशा अर्थाचे नाव नोंदविले आहे.

त्याच शतकातील 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ सांगतो की, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेल्या पैठणाहून अकीकवर्गातील खडे गाड्या भरभरून भडोचला जात. आपल्या जिल्ह्यातील चौल बंदराचाही त्यात उल्लेख आहे. पुढे कित्येक शतके खंबायतच्या कारागिरांनी अकीक कापून, घासून, उजळून जगाला पुरविला. हा नक्षीदार खडा येमेनच्या मोखा बंदरातून युरोपास पोचला आणि तेथे त्याचे नाव पडले 'मोखा खडा'. खाण एकीकडची, हात दुसरीकडचा, नाव तिसऱ्याचेच!

सुपारीला श्रीवर्धनचे नाव टिकले, कारण ती पिकविणारा आणि पारखणारा एकाच गावचा होता. अकिकाचे तसे झाले नाही. आजही दख्खनच्या कित्येक नदीपात्रांत हे खडे पायांखाली येतात आणि आपण त्यांना गोटे म्हणून ओलांडतो. भूमीने दिलेली वस्तू भूमीच्या नावावर राहावी असे वाटत असेल, तर ती प्रथम त्या भूमीतल्या माणसाने ओळखली पाहिजे.