मधली विश्रांती

गेल्या दिवाळीत मानवतला आजोळी गेलो होतो. (रेल्वेने जाणाऱ्यांसाठी सूचना: स्टेशनचं नाव 'मानवत रोड' आहे, आणि त्यातल्या 'रोड' या शब्दाचा अर्थ स्टेशनाबाहेर पडल्यावर कळतो.) सकाळी गच्चीवर मोबाईलमध्ये टायमर लावून माझं नेहमीचं सुरू झालं. वीस सेकंद जीव खाऊन बर्पी, दहा सेकंद थांबा, पुन्हा वीस सेकंद. मामा चहाचा कप घेऊन वर आले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले.

"काय करायलास रे? कुणी मागं लागलंय का?"

मी धापा टाकत सांगितलं, मामा, याला टबाटा म्हणतात. जपानी पद्धत आहे. चार मिनिटांत तासाभराचा व्यायाम होतो.

"अन् बसायचं कधी?"

मामा शाळेत असताना खो-खो खेळायचे. त्यांच्या दृष्टीने मैदानात बसणं हाही खेळाचाच भाग. मी हसलो, पण तो प्रश्न डोक्यात राहिला. कारण तेव्हा माझं काही ठीक चाललेलं नव्हतं. आठवड्यातून सहा दिवस असले क्लास, वर ऑफिसात रिलीजची गडबड. सकाळी उठल्यावरची नाडी, जी पूर्वी बासष्टच्या आसपास असायची, ती चौऱ्याहत्तरवर जाऊन बसली होती. झोप तुटक, गुडघा कुरकुरतोय, आणि ट्रेनरचं म्हणणं एकच: अजून जोर लावा सर.

पुण्याला परत आल्यावर तीन-चार वीकेंड वाचन केलं. सवयीने आधी मूळ सोर्स शोधला.

'चार मिनिटांत तासाचा व्यायाम' या वाक्याचा उगम १९९६ साली छापलेल्या एका शोधनिबंधात आहे. इझुमी टबाटा आणि त्यांचे सहकारी जपानमधल्या कानोया इथल्या क्रीडासंस्थेत काम करत होते. गंमत म्हणजे पद्धत टबाटांची नाहीच! ती जपानच्या स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक कोइची इरिसावा यांची. टबाटांनी ती मोजून पाहिली. एका गटाने आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम वेगाने सायकल मारली. दुसऱ्या गटाने वीस सेकंद जोर, दहा सेकंद थांबा असे सात-आठ फेरे मारले. जोर किती? तर शरीर जास्तीत जास्त प्राणवायू वापरू शकतं त्या पातळीच्या १७० टक्के. सहा आठवड्यांनी पहिल्या गटाचा दमसास वाढला, दुसऱ्याचाही वाढला, आणि शिवाय प्राणवायूविना काम करण्याची क्षमता दुसऱ्याच गटात २८ टक्क्यांनी वाढली.

निष्कर्ष जबरदस्त आहे, यात वाद नाही. पण ही सगळी शारीरिक शिक्षण शिकणारी धट्टीकट्टी तरुण मुलं होती. शिवाय त्या दुसऱ्या गटालाही आठवड्यातला एक दिवस अर्धा तास शांतपणे सायकल मारायला लावली होती. हा तपशील कुठल्याही जीमच्या पोस्टरवर मी वाचलेला नाही. आणि १७० टक्के म्हणजे काय, तर शेवटच्या फेऱ्यात पाय चालेनासे होतात. मी गच्चीवर करत होतो ते फार तर टबाटांच्या टायमरची नक्कल.

अजून मागे गेलो तर जर्मनीतलं फ्रायबुर्ग लागतं. १९३० च्या दशकात वोल्डेमार गेर्शलर हे प्रशिक्षक आणि हर्बर्ट राइंडेल हे हृदयाचे डॉक्टर, अशी जोडी जमली. धावपटूला थोडं अंतर जोरात पळवायचं, नाडी १८० च्या घरात न्यायची, मग थांबवायचं. नाडी १२० वर उतरली की पुढचा फेरा. दीड मिनिटात उतरली नाही, तर काम जास्त झालं असं समजून आवरतं घ्यायचं. त्यांचं म्हणणं असं की हृदयाची खरी कमाई पळताना नाही, तर त्या मधल्या वेळात होते, कारण तेव्हा प्रत्येक ठोक्याला जास्तीत जास्त रक्त बाहेर फेकलं जातं. इंटरव्हल ट्रेनिंगमधला 'इंटरव्हल' म्हणजे मुळात ती विश्रांती! सिनेमातल्या इंटरव्हलसारखीच. आपण मात्र पळण्यालाच इंटरव्हल म्हणायला लागलो. (त्यांचा हृदयाबद्दलचा सिद्धांत पुढे जसाच्या तसा टिकला नाही. आज जोराच्या भागालाही तितकंच महत्त्व देतात. पण नाडी बघून थांबण्याची शिस्त मला अजूनही पटते.)

गेर्शलरांच्या रुडॉल्फ हार्बिगने १९३९ साली मिलानमध्ये ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विक्रम केला आणि तो १९५५ पर्यंत टिकला. हार्बिग स्वतः १९४४ मध्ये युद्धात गेला.

आणि मग हेलसिंकी, १९५२. इथे मात्र मी वाचता वाचता थांबलो.

या ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने १०,००० मीटर, ५,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं जिंकली. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदा पळत होता. त्याचा सराव म्हणजे ४०० मीटर जोरात, मग २०० मीटर रमतगमत, असे दिवसाला चाळीस-साठ फेरे. इंटरव्हल पद्धत जगभर पोचली ती त्याच्यामुळे. तारखा बघा: २० जुलैला १०,००० मीटर, २४ ला ५,०००, २७ ला मॅरेथॉन. आणि मधल्या २३ जुलैला, त्याच शहरात, कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेटमध्ये कांस्यपदक जिंकत होते. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून खाशाबांच्या प्रवासाला पैसे दिले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती हरल्यावर त्यांना जवळजवळ लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्हशी लढायला उभं केलं. नियमाने दोन कुस्त्यांत अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ते ठणकावून सांगायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा ती कुस्ती हरले. आणि इशीला सुवर्ण मिळालं.

एक माणूस मधली विश्रांती मोजून मोजून तीन सुवर्णं घेतो, आणि त्याच आठवड्यात आपला माणूस ती हक्काची विश्रांती न मिळाल्याने एक कुस्ती गमावतो. विश्रांती मिळाली असती तर रंग बदलला असता का, कोण सांगणार... पण मला रात्रभर रुखरुख लागली.

आता अपेक्षित प्रश्न: 'हे सगळं आपल्या तालमीत आधीपासून होतंच की!' व्हॉट्सॅपवर असे फॉरवर्ड पुष्कळ येतात. माझं मत विचाराल तर अर्धं खरं. हजार बैठका एका लयीत मारणं हे इंटरव्हल नव्हे, ती चिवटपणाची मेहनत. वस्तादासमोर जोड लढवताना मात्र झटापट, थोडं सुटणं, पुन्हा झटापट असा आलेख आपोआप तयार होतो. मेहनतीनंतर मालिश, खुराक आणि झोप, हेही तालमीत ठरलेलं. पण नाडी मोजून, वेळ बदलून, नोंदी ठेवून कुणी तपासलं, ते फ्रायबुर्गला आणि कानोयाला. ते श्रेय त्यांचं.

अपवाद करायचाच तर खो-खोचा करीन. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली या खेळाचे नियम बांधायला घेतले. त्यात पाठलाग करणारा काही सेकंद तुफान पळतो, खो देतो आणि खाली बसतो. पुन्हा खो मिळेपर्यंत श्वास सावरतो, पण सावध असतो. वीस-दहाचा टायमर नाही, कधी उठावं लागेल सांगता येत नाही, पण जोर आणि विश्रांतीची अदलाबदल खेळाच्या रचनेतच. कुणी ते व्यायामशास्त्र म्हणून लिहिलं नव्हतं, नुसती मजा म्हणून खेळले. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही संघांनी तो जिंकला तेव्हा मामांचा सकाळी सहाला फोन आला होता. त्यांना एकदा तरी सांगायचं होतं, आमचं खूळ खरं निघालं म्हणून.

बाकी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना साध्या आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, किंवा दोन्हींचं मिश्रण, आणि दोन दिवस ताकदीचा. अव्वल धावपटूसुद्धा आपला बहुतेक वेळ सावकाश पळण्यात घालवतात, असं स्टीफन सायलर यांच्या अभ्यासात दिसतं. मीही गणित बदललं. आठवड्यातून दोन दिवस इंटरव्हल, तेही चार मिनिटं जोर आणि तीन मिनिटं चालणं या नॉर्वेजियन पद्धतीने. दोन दिवस वजनं. उरलेल्या दिवशी संध्याकाळी तळजाई टेकडी, गप्पा मारता येतील इतक्या वेगाने. नाडी दोन महिन्यांनी चौसष्टवर आली. गुडघा अजून अधूनमधून बोलतो.

जीममध्ये सांगितलं की मी आता दोनच दिवस येणार. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, पॅकेज सहा दिवसांचं आहे. रिफंड नाही."

असो. मामांना हे सांगितलं तर ते इतके हसले की चहा सांडला.