चिरडलेली नळी

सिडनी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाकडे तांब्याच्या नळीचा एक तुकडा जपून ठेवलेला आहे. दिसायला अगदी भंगार. पक्कडीत धरून चारी बाजूंनी आवळावी तशी आत दबलेली, वाकडीतिकडी. पण या नळीला पक्कड लागलेली नाही, की हातोडा बसलेला नाही. तिच्यातून फक्त वीज गेली होती!

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये हार्टली व्हेल नावाच्या गावी रॉकेल शुद्ध करण्याचा कारखाना होता. त्याच्या तडितरक्षकाची ही नळी. वीज पडली, नळीतून जमिनीत गेली, आणि जाता जाता नळी चिरडून गेली. वितळली असती तर समजू शकलो असतो. जळाली असती तरी ठीक. पण चिरडली? आणि तीही आतल्या बाजूला?

हा तुकडा सिडनीच्या पोलॉक आणि बॅरक्लॉ या दोघांच्या हाती आला. पोलॉक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, बॅरक्लॉ मेकॅनिकलवाले. 1905 मध्ये त्यांनी यावर एक छोटं टिपण प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं असं, की नळीतल्या प्रवाहाने स्वतःच चुंबकीय क्षेत्र तयार केलं आणि त्याच क्षेत्राने नळीला आवळलं.

म्हणजे नेमकं काय झालं? थोडं मागे जाऊ. 1820 मध्ये कोपनहेगनला ओरस्टेडने पाहिलं, की तारेतून प्रवाह सोडला की शेजारची होकायंत्राची सुई हलते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये अँपियरने दाखवलं, की दोन समांतर तारांतून एकाच दिशेने प्रवाह गेला तर त्या एकमेकींना ओढतात. आता पोकळ नळी म्हणजे काय, तर गोलात उभ्या केलेल्या असंख्य बारीक तारांची मोळीच की. प्रत्येक तार बाकी सगळ्यांना ओढतेय. मग मोळी आवळली जाणार, दुसरं काय होणार!

हेच क्षेत्राच्या भाषेत बघू. नळीच्या भोवती चुंबकीय रेषा मनगटातल्या बांगड्यांसारख्या असतात. नळीच्या पोकळीत क्षेत्र शून्य, आणि बाहेर ते पृष्ठभागालगत सगळ्यात जास्त, मग अंतर वाढेल तसं कमी. आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हे 'अँपियरच्या नियमाने' पाच मार्कांसाठी सिद्ध करायचो. (गंमत म्हणजे पुस्तकातल्या त्या रूपात तो नियम मांडला मॅक्सवेलने, अँपियरने नव्हे.) आत शून्य, बाहेर भरपूर. या फरकाचा दाब नळीवर पडतो, बाहेरून आत.

किती दाब? हिशोब सोपा आहे. 1 सेंटिमीटर त्रिज्येच्या नळीतून 1 लाख अँपिअर गेले तर पृष्ठभागावर क्षेत्र 2 टेस्ला, आणि दाब साधारण 16 वातावरणांएवढा. 30 हजार अँपिअरची नेहमीची वीज असेल तर जेमतेम दीड वातावरण, कारण दाब प्रवाहाच्या वर्गाने वाढतो. सणसणीत वीज, पातळ पत्रा, त्यात तांबं तापून मऊ झालेलं. संपलं.

दोन वर्षांनी, 1907 मध्ये, अमेरिकेत एडविन नॉर्थरप यांनी याचीच दुसरी बाजू लिहिली. त्यांचे मित्र कार्ल हेरिंग यांना दिसलं होतं, की वितळलेल्या धातूतून मोठा प्रवाह सोडला की धातूची धार मध्येच बारीक होते. हेरिंगनी गमतीने त्याला 'पिंच' म्हटलं, म्हणजे आपला चिमटा. इथे एक मेख आहे. धार जिथे जरा बारीक, तिथे पृष्ठभाग मध्याच्या जवळ, म्हणून क्षेत्र जास्त. क्षेत्र जास्त म्हणून चिमटा जास्त, म्हणून धार आणखी बारीक... शेवटी तुटतेच. म्हणजे जो नियम आवळतो, तोच नियम घडी मोडतोही.

ही मेख पुढे फार महागात पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अनेकांच्या डोक्यात एकच कल्पना आली: हायड्रोजनच्या तप्त वायूतून प्रवाह सोडायचा, तो स्वतःच स्वतःला आवळेल, तापेल, आणि सूर्यात होतं तसं अणूंचं मीलन होईल. भांड्याची गरजच नाही! वातावरण असं भारलेलं होतं, की 1955 मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत अध्यक्षपदावरून आपल्या होमी भाभांनी भाकीत केलं, की मीलनाची ऊर्जा काबूत आणण्याची पद्धत दोन दशकांत सापडेल.

इंग्लंडमध्ये हार्वेलला 'झीटा' नावाचं यंत्र उभं राहिलं. मेदूवड्याच्या आकाराची पोकळ प्रचंड नळी, आत वायू, वायूत प्रवाह. चिमटा मोडू नये म्हणून नळीच्या लांबीच्या दिशेने जादा चुंबकीय क्षेत्रही दिलेलं. ऑगस्ट 1957 मध्ये यंत्र चालू झालं आणि न्यूट्रॉन मिळू लागले. जानेवारी 1958 मध्ये जाहीर पत्रकार परिषद झाली. तापमान 50 लाख अंशांच्या घरात, आणि हे न्यूट्रॉन मीलनाचेच असल्याची 90 टक्के खात्री, असं कॉकक्रॉफ्ट म्हणाले. वर्तमानपत्रं वेडी झाली.

मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला.

न्यूट्रॉन खरे होते, मोजणीही बरोबर होती. पण ते सगळा वायू तापल्यामुळे आलेले नव्हते. चिमटा अस्थिर होत होता, तेव्हा काही मोजक्याच कणांना जोराचा धक्का बसत होता आणि न्यूट्रॉन त्यांचे होते. हे शोधलं हार्वेलच्याच बेसिल रोझ आणि सहकाऱ्यांनी. प्रवाहाच्या दिशेने आणि उलट दिशेने निघणाऱ्या न्यूट्रॉनांची ऊर्जा त्यांनी तपासली, तर ती सारखी नव्हती. सगळीकडे सारखं तापलेल्या वायूत असं होत नाही. आणि वाईट वाटतं ते याचं, की एप्रिल 1956 मध्ये रशियाच्या कुर्चाटोव्ह यांनी याच हार्वेलला येऊन व्याख्यानात सांगितलं होतं, की आमच्या चिमट्यातले न्यूट्रॉन मीलनाचे नाहीत, जपून.

आमच्या धंद्यात याला टेस्ट पास होणं म्हणतात. हिरवा दिवा लागला, रिलीज करा! ती भलत्याच कारणाने पास झाली का, हे त्या दिवशी कोणाला विचारायचं नसतं. पोलॉक-बॅरक्लॉंपुढे रिलीजची तारीख नव्हती. त्यांच्यापुढे फक्त एक वाकडी नळी होती आणि 'का?' हा प्रश्न. झीटावाल्यांपुढे अख्खा देश टाळ्या वाजवायला उभा होता. माणसं दोन्हीकडे हुशारच होती.

पण ब्रिटिशांना एक गोष्ट द्यायलाच हवी. पुढे मॉस्कोच्या टोकामॅक यंत्रात फार मोठं तापमान गाठल्याचा दावा रशियनांनी केला, आणि पश्चिमेत कोणी विश्वास ठेवेना. तेव्हा 1969 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांचंच पथक स्वतःचं लेझरचं सामान घेऊन मॉस्कोला गेलं, ऐन शीतयुद्धात! त्यांनी तापमान मोजलं आणि जाहीर सांगितलं, की रशियन बरोबर आहेत. त्यानंतर जगभर टोकामॅक बांधले जाऊ लागले.

भाभांची दोन दशकं 1975 मध्येच संपली. डिसेंबर 2022 मध्ये कॅलिफोर्नियात लेझरने दिली त्याहून जास्त ऊर्जा मीलनातून मिळाली खरी, पण मीलनावर चालणारं वीजघर अजून कुठेच नाही.

असो. पुढच्या वेळी हायवेवरून जाताना मोठ्या टॉवरांकडे बघा. काही ठिकाणी एकेका फेजला दोन किंवा चार तारा जवळजवळ नेलेल्या दिसतील, मध्ये ठरावीक अंतरावर आडवे तुकडे. ते तुकडे वाऱ्यासाठी असतातच, पण शॉर्ट सर्किट झालं की त्या तारा एकमेकींकडे झेपावतात, तेव्हाही तेच आडवे येतात. नियम तोच, हार्टली व्हेलचा.