लग्न नावाची नोकरी

१/ विवाह संस्कार की करार? हा जुना वाद दोन हलक्याफुलक्या मालिकांनी नव्याने मांडला.

२/ 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' ('झी मराठी', २०१२) : घना आणि राधा करारावर लग्न करतात. घरच्यांना पत्ता नसतो.

३/ जपानमधील 'निगेरु वा हाजि दा गा याकु नि तात्सु' (२०१६) : मिकुरी त्सुझाकीकडे पगारी घरकामाला लागते. पुढे लग्न हीच तिची नोकरी ठरते. इथेही घरचे अनभिज्ञ.

४/ दोन्हीकडे प्रेम जडते आणि करार अपुरा पडतो.

५/ मात्र त्सुझाकी खऱ्या लग्नाची मागणी घालतो, तेव्हा मिकुरीला त्यात शोषण दिसते : पत्नी झाल्यावर तेच श्रम फुकट का?

६/ संस्काराच्या गौरवात हा हिशेब हरवतो. तो प्रश्न आपल्याही स्वयंपाकघराचा आहे.